सात मिलिमीटरात दहा आटे

वरठीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुपारी कारखान्याची पाळी सुटली की पंधरा-वीस मिनिटं मोटारसायकलींशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. तेवढा वेळ सुमनबाई हातातलं काम खाली ठेवतात.

"आवाज नाही आला तर मी स्क्रूले हात लावत नाही," त्या सांगतात. "थो बोलते ना. तुटायच्या आधी सांगते, आता तुटतो म्हणून."

"मले तर छत्तीस वर्षांत एकही नाही बोलला," आतल्या खाटेवरून आनंदराव.

"तुमच्याशी कोण बोलन? तुम्ही घन घेऊन उभे राहात."

आनंदराव म्हणजे सुमनबाईंचे यजमान. कारखान्यात फिटर होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मनगटाएवढे बोल्ट आवळण्यात त्यांचा जन्म गेला. बायकोच्या टेबलावरचे स्क्रू पाहिले की त्यांना हसू येतं. हे सामान आहे का खिचडीचं जिरं, असं ते गिऱ्हाइकासमोर विचारतात.

सुमनबाईंच्या दुकानावर पाटी आहे ती शिलाई मशीन दुरुस्तीची. पण आटे गेलेली कुठलीही बारीक वस्तू तिथे येते. चष्म्याची काडी येते, डॉक्टरांच्या बीपीच्या यंत्राचा वॉल्व्ह येतो. एकदा बँडवाल्यांची क्लॅरिनेट आली होती, लग्नाच्या दोन तास आधी, आणि ती दुरुस्त झाली का हे बघायला अख्खा बँड लाल कोट घालून दुकानाबाहेर उभा होता.

सुमनबाईंचं माहेर नाकाडोंगरीचं. वडील मँगनीजच्या खाणीत होते. लग्न होऊन वरठीला आल्या तेव्हा विहारातल्या महिला मंडळाने शिवणवर्ग काढला होता. मशिनी नऊ, बायका बावीस. मशीन बिघडली की तुमसरहून मिस्त्री यायचा; यायचा म्हणजे महिन्यातून एकदा, मनात आलं तर. सुमनबाईंनी त्याला विचारलं, हे कसं उघडतात ते दाखवा ना. तो म्हणाला, बाईने मशीन चालवावी, उघडायचं काम आमचं.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय! थो गेला अन् मी उघडली."

स्क्रूंचा क्रम चुकू नये म्हणून त्यांनी कणकेची लांब वळी केली आणि निघेल तसा एकेक स्क्रू तिच्यात ओळीने टोचत गेल्या. मशीन परत बसवली, ती चालली, पण कणकेत एक स्क्रू उरला. बाकीच्या बायका म्हणाल्या, चालते ना, मंग फेका थो. सुमनबाईंनी मशीन चार वेळा उघडली. पाचव्या वेळी त्या स्क्रूची जागा सापडली.

"त्याच्याशिवाय चालत होती ना पण?"

"चालत होती. पण मशिनीले मालूम होतं ना, आपल्यात एक कमी आहे."

डिसेंबरातल्या एका गुरुवारची ही गोष्ट. धानाची मळणी उरकलेली, गावोगावच्या राइस मिली अखंड चालू. पाळीची गर्दी ओसरली आणि दुकानासमोर एक मोटारसायकल थांबली. चालवणारा चाळिशीचा, केसांवर, भुवयांवर तांदळाच्या कोंड्याची पांढुरकी धूळ. मागे ट्रॅकसूट घातलेली मुलगी. करडी गावचा राजकुमार आणि त्याची अकरावीतली लेक राखी.

राजकुमारने खिशातून रुमाल काढला, रुमालातून प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीतून एक काळा ॲल्युमिनियमचा ठोकळा. काडेपेटीच्या निम्मा असेल.

"बाई, याच्या चुड्या गेल्या, आतले आटे. होते का काही?"

"कायचं आहे हे?"

राजकुमारने रस्त्याकडे पाहून घेतलं. "रायफलचं."

आत खाट करकरली. आनंदराव दारात.

"सुमन, हात नको लावू. पोलिस येतीन."

"बंदूक कुठं आहे? हा तर ठोकळा आहे."

"पण ठोकळा कायचा आहे?"

"काका, हवेची रायफल आहे," राखी घाईने म्हणाली. "खेळाची, छर्ऱ्याची. शाळेची आहे. तिले लायसन नाही लागत. सरांनी पत्र देल्लं आहे."

आनंदरावांनी चष्मा लावला. पत्र दोनदा वाचलं, शिक्का उजेडाकडे धरून पाहिला, आणि निकाल दिला, "शिक्का गोल आहे. करू शकते."

"उपकार झाले," सुमनबाई म्हणाल्या आणि ठोकळा हातात घेतला.

त्या ठोकळ्यावर रायफलची मागची साइट बसते, म्हणजे जिच्या छिद्रातून नेमबाज बघतो ती. ठोकळा रायफलच्या पाठीवरच्या खाचेत सरकवायचा आणि एका स्क्रूने आवळायचा. स्क्रूचे आटे धरेनासे झाले की साइट केसभर सरकते. दहा मीटरवरच्या टार्गेटात दहा गुणांचा ठिपका बॉलपेनच्या टोकाएवढा असतो. तिथे केसभर म्हणजे फार झालं.

रविवारी नागपुरात निवड स्पर्धा होती. राखीच्या शाळेकडे रायफल ही एकच. कंपनीने नवा ठोकळा पाठवायला तीन आठवडे सांगितले होते. भंडाऱ्यातल्या एका लेथवाल्याने रायफल हा शब्द ऐकूनच हात जोडले. दुसरा म्हणाला, मोठं भोक पाडतो, मोठा स्क्रू टाकतो, पाच मिनिटांचं काम. तिथून राखीनेच ठोकळा परत घेतला. शनिवारी सकाळपर्यंत साइट पक्की झाली नाही तर तिचं नाव यादीतून जाणार होतं. तसं भूपेंद्र सरांनी, म्हणजे तिच्या प्रशिक्षकांनी, स्पष्ट सांगितलं होतं.

"अन् सगळ्या पोरींसमोर म्हणाले," राखी खाली बघत होती, "का ज्याले शाळेची वस्तू सांभाळता येत नाही त्यानं तिले हात लावू नये."

"तूनं खराब केला का?"

"मालूम नाही, काकू. मीच लावतो, मीच काढतो. मंग माझ्याच हातानं झालं असन."

राजकुमार मोटारसायकलच्या आरशावरची धूळ पुसत होता.

सुमनबाईंनी ड्रॉवरमधून कपडे धुण्याच्या साबणाची वडी काढली. ठोकळ्याचा स्क्रू तिच्यावर आडवा ठेवून अंगठ्याने दाबला आणि उचलला. साबणावर बारीक रेघांची ओळ उमटली. शेजारी पट्टी धरून त्यांनी सुईच्या टोकाने रेघा मोजल्या.

"सात मिलिमीटरात दहा. म्हणजे चार मिलिमीटरचा स्क्रू, अन् भोकही चारचंच. जोडी बरोबर आहे." मग त्यांनी स्क्रूचं डोकं भिंगाखाली धरलं. आतली सहा कोनांची खाच फाकली होती. त्यांनी राखीच्या हाताकडे पाहिलं, मग टेबलावर एक ॲल्युमिनियमचा भंगार तुकडा ठेवला. त्यात तसाच स्क्रू होता.

"हे चावी घे. रेंजवर कसतेस ना, तसंच कस."

राखीने वाकडी एलन चावी दोन बोटांत धरली, स्क्रू फिरवला, अडला तशी किंचित पुढे नेली आणि थांबली.

"बस?"

"बस. सर म्हणतात, मुंगी दबली नाही पाहिजे."

सुमनबाईंनी स्क्रू सैल केला. "भाऊ, आता तुम्ही."

"मी कायले, बाई?"

"असंच. या तुकड्याले का होते पाहू."

राजकुमार वाकला. चावी खाचेत घातली, फिरवली. स्क्रू अडला. आणि मग त्याच्या डाव्या हाताने, कोणी काही न सांगता, टेबलावरच्या पाचपन्नास वस्तूंतून वीतभर लोखंडी पाइप उचलला, चावीच्या दांड्यावर सरकवला आणि जोर दिला.

कर्र झालं. तुकड्यातून चांदीसारखा भुगा आणि आट्यांची एक वेटोळी तार बाहेर आली.

राजकुमार हातातल्या पाइपाकडे बघत राहिला.

"मंगळवारी," तो शेवटी म्हणाला. "हिले आणायले गेलो होतो. ही बूट बदलून राहिली होती. रायफल तिथं ठेवली होती, बाजूले चावी होती. मले वाटलं, साइट थोडी ढिली आहे. पोरीचं काम पक्कं करून द्यावं म्हटलं."

"अन् तिथं पाइप कुठून आला?" आनंदराव.

"थो खिशातच राहते जी. मिलचा." तो सुमनबाईंकडे वळला. "बाई, आमच्या मिलमध्ये बोल्ट जरासा ढिला राहिला का अर्ध्या तासात चाळणी निसटते. तांदळाचा पॉलिशर असा थरथरते का नट आपोआप फिरून खाली पडते. पहिल्या दिवशी मालकानं शिकवलं, ओरडेपर्यंत कस. वीस वर्षं झाली. हाताले दुसरं येतच नाही."

"बाबा," राखीचा आवाज अगदी बारीक झाला, "सर मले बोलले तेव्हा तुम्ही तिथंच उभे होते ना?"

"होतो."

"मंग?"

त्याने पाइप टेबलावर ठेवला. राखीने तोंड फिरवलं. आनंदराव काहीतरी विनोद करणार होते, पण बायकोचा डोळा बघून थांबले.

"भांडण मंग करा," सुमनबाई म्हणाल्या. "भांडायले जन्म आहे, मले दोनच दिवस आहेत. जा, उद्या सायंकाळी या."

"सहाचं भोक पाड, सहाचा बोल्ट टाक, मोकळी हो," ते दोघं गेल्यावर आनंदराव म्हणाले.

"अन् कंपनीचा स्क्रू कुठं टाकू, तुमच्या चहात? मोठा बोल्ट टाकला का ठोकळ्याची पकड बदलते. पोरीले पुन्हा पहिल्यापासून नेम शिकावा लागन."

सुमनबाईंच्या मनात दुसरं होतं. गेलेलं भोक मोठं करायचं, त्यात आटे पाडून पितळेची खुंटी फिरवून बसवायची, वरून घासून सपाट करायची आणि त्या पितळेत, जुन्या भोकाच्या नेमक्या जागी, पुन्हा चारचं भोक आणि चारचे आटे. पितळ त्यांच्याकडे कायम असतं; भंडाऱ्यातल्या भांडी घडवणाऱ्यांकडून त्या दांड्यांचे तुकडे आणून ठेवतात. भोक मोठं करताना ते तिरपं गेलं तर मात्र संपलं. दुसरा ठोकळा नव्हता.

म्हणून ठोकळ्याला त्यांनी हातच लावला नाही. आधी भंगारातल्या तुकड्यावर तेच काम केलं. पहिलं तिरपं गेलं. दुसरं सरळ आलं.

"झालं ना," आनंदराव.

"एकदा तर कोणाचंही येते. लागोपाठ दोनदा आलं पाहिजे."

तिसरंही सरळ आलं. तेव्हा कुठे त्यांनी ठोकळ्यावर ब्लेडच्या टोकाने दोन रेघा ओढल्या, एकमेकींना छेदणाऱ्या, भोकाच्या बरोबर मध्यावर. भोक नाहीसं होणार होतं, त्याची जागा या रेघांनी सांगायची होती.

ड्रिल करून झाल्यावर भोकात रॉकेलचा थेंब सोडला, आटे पाडायचा टॅप उभा धरला आणि त्याच्या मुळाशी बोटभर आरसा टेकवला. टॅप आणि आरशातला टॅप एका रेषेत दिसले तर सरळ; मध्येच मोडल्यासारखे दिसले तर तिरपा. आधी समोरून पाहिलं, मग बाजूने. अर्धा वळसा पुढे, पाव वळसा मागे. आनंदरावांनी ठोकळा दोन्ही हातांनी धरला होता, आणि छत्तीस वर्षं घन मारलेला तो माणूस श्वास रोखून उभा होता.

"श्वास घ्या ना, पडान एखाद्या वेळेस."

"तूच म्हणतेस ना, हालू नका."

पितळेची खुंटी पक्क्या चिकटवणीत भिजवून बसवली. चिकटवण रात्रभर वाळू दिली.

शुक्रवारी दुपारी खरं काम. पितळेत भोक झालं, चारचा टॅप आत जाऊ लागला. जेमतेम अर्धा गेला असेल, तोच कारखान्याचा भोंगा झाला. सुमनबाईंनी टॅपवरून हात काढले.

"अवं, अर्धा तर गेला! चार वळसे राहिले."

"म्हणूनच. ऐकू नाही आलं तर कसं करू?"

मोटारसायकलींचा लोंढा गेला. टॅप अर्धा आत, अर्धा बाहेर. आनंदराव टेबलाभोवती फेऱ्या घालत होते, सुमनबाई स्टुलावर हात बांधून बसल्या होत्या. शेवटची गाडी रेल्वेच्या फाटकापलीकडे गेली तेव्हा त्या उठल्या. पहिल्याच वळशाला टॅपचा आवाज बदलला. बारीक, कोरडा, दाताखाली खडा आल्यासारखा.

"मार ना जरा जोर," आनंदराव पुटपुटले.

"चूप राहा."

त्यांनी टॅप उलटा फिरवत पूर्ण बाहेर काढला. आट्यांच्या खोबणीत वाळलेल्या चिकटवणीचा कण अडकला होता. जोर दिला असता तर टॅप तुटून आत राहिला असता, आणि तुटलेला टॅप दुसऱ्या कुठल्या हत्याराने निघत नाही. ब्रशने झाडला, पुन्हा आरसा लावला, पुन्हा सुरुवात. पाच मिनिटांनी त्यांनी कंपनीच्या मापाचा नवा स्क्रू भोकावर ठेवला आणि नुसत्या करंगळीच्या टोकाने फिरवला. तो आत उतरत गेला.

आनंदराव खाली वाकले, जवळून बघितलं, सरळ झाले.

"हे आमच्या वर्कशॉपमध्ये नसतं जमलं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "मोठं असतं तर जमलं असतं."

शनिवारी सकाळी सुमनबाई रेंजवर गेल्या. बोलावलं कोणी नव्हतं. आपला ठोकळा कुठे बसतो ते त्यांना बघायचं होतं. आनंदरावांनी स्कूटर काढली. पोलिस आलेच तर एक पुरुष माणूस असावा म्हणाले.

शाळेच्या मागच्या लांबट पत्र्याच्या शेडमध्ये सहा-सात मुली होत्या, दोघी-तिघींच्या आया होत्या. भूपेंद्र सर उंच, कमी बोलणारे. त्यांनी ठोकळा फिरवून पाहिला, पितळेच्या गोल चकतीवरून नख फिरवलं. नख कुठे अडलं नाही.

"हे कोणी केलं?"

"या बाईंनी," राखी म्हणाली.

"बघू. तीस छर्रे. दर दहानंतर साइट काढायची, परत लावायची. एकदा जरी सरकली तर उद्या नाव नाही."

"सर, एक मिनिट."

राजकुमार दाराशी उभा होता. आज केस धुतलेले होते, धूळ नव्हती, त्यामुळे तो जरा वेगळाच दिसत होता. त्याने हात जोडले नाहीत, घसा खाकरला.

"सर, हे राखीनं नव्हतं बिघडवलं. मी बिघडवलं. मंगळवारी, मीच कसलं होतं, पाइप लावून. तुम्ही तिले बोलले तेव्हा मी इथंच होतो. माझी हिंमत नाही झाली. आता सगळ्यांसमोर सांगतो, कारण ती सगळ्यांसमोर ऐकून राहिली होती."

भूपेंद्र सरांनी हातातला ठोकळा बाकावर ठेवला.

"काका," गुड्डी नावाची एक मुलगी हळूच म्हणाली, "पाइप? साइटले?"

कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळ्याच हसल्या, राजकुमारही. राखी हसली नाही. पण तिने बापाकडे पाहिलं. गुरुवारनंतर पहिल्यांदा.

भूपेंद्र सर तिच्यापुढे आले. "राखी, मी चुकीचं बोललो. विचारायला हवं होतं आधी." आणि मुलींकडे वळून जरा मोठ्याने, "ऐकलं ना सगळ्यांनी?"

राखीने ठोकळा खाचेत सरकवला, चावी घेतली. दोन बोटं. थांबली.

सुमनबाई मागच्या बाकावर बसल्या. त्यांना टार्गेट दिसत नव्हतं, गुण कळत नव्हते. त्या फक्त दर दहा छर्ऱ्यांनंतर राखीच्या हाताकडे बघत होत्या. स्क्रू निघाला, स्क्रू बसला. पुन्हा निघाला, पुन्हा बसला. तिसाव्या छर्ऱ्यानंतर सरांनी टार्गेटचे तिन्ही कागद एकमेकांवर ठेवून उजेडाला धरले. छिद्रांचे तीन पुंजके एकाच जागी होते.

"उद्या सहा वाजता बस," सर म्हणाले. "उशीर नको." मग सुमनबाईंकडे बघून, "मॅडम, तुम्ही कुठे शिकलात हे?"

"घरीच," सुमनबाई म्हणाल्या. मॅडम म्हटल्यावर त्यांनी पदर सारखा केला.

रविवारी दुपारी दुकान बंद होतं, तरी सुमनबाई टेबलाशी होत्या. समोर एक जुनी मशीन उघडलेली होती, पण तासाभरात तिच्यातला एकही स्क्रू हालला नव्हता. आनंदरावांनी फोन टेबलाच्या मधोमध ठेवला होता, आवाज पूर्ण मोठा करून.

साडेतीनला तो वाजला. दोघांचे हात एकदम पुढे गेले. फोन सुमनबाईंनी उचलला.

"काकू!" मागे गर्दीचा कल्ला. "ऐकू येते का?"

"बोल. साइट हालली का?"

"नाही, काकू. काहीच नाही हालली. साठच्या साठ छर्रे मारले. शेवटच्या दहात माझाच हात हालला."

"हाताले मी काही करू नाही शकत, माय. मंग?"

"आठ जणी घेतल्या. मी सहावी."

सुमनबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. "सहावी म्हणजे आत का बाहेर?"

"आत, काकू! आत! थांबा, बाबा बोलतो म्हणतात..."

राजकुमार फोनवर आला. नुसतं "बाई" म्हणाला आणि थांबला. पुन्हा "बाई" म्हणाला. आनंदरावांनी फोन बायकोच्या हातातून काढून घेतला, रस्त्यावर आले आणि समोरचा पानवाला, सायकलवाला, स्टेशनकडे निघालेली दोन अनोळखी माणसं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात फोनमध्ये म्हणाले, "भाऊ, रडू नका. सहावा नंबर आला. ठोकळा आमच्या हिनं केला होता, मी धरला होता."